खोक कुठं गेली?

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या महिला गटांच्या इंदापूर इथल्या मेळाव्यात केलेलं हे भाषण. बोलणाऱ्या ताईंनी बारामतीतल्या एका फोटो स्टुडिओत बरीच वर्षं टचिंगचं काम केलं. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं आणि स्टुडिओचं नाव छापलेलं नाही. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळी आपण आत येताना दारात सगळ्यांचा एक फोटो निघाला. तो एव्हाना आपल्या ग्रुपवर आलाय. ज्यांच्या हातात फोन आहे त्यांनी तो उघडा. एकदा फोटोत बघा आणि एकदा शेजारणीकडे बघा. हसू नका, खरंच बघा. पहिल्या रांगेत भवानीनगरच्या मावशी उभ्या आहेत. मावशींच्या दोन्ही गालांवर वांग आहेत, ते आपण सगळ्या रोज बघतो. फोटोत आहेत का? नाहीत. माझ्या डोळ्यांखालचं काळं गेलंय, कपाळावरच्या आठ्या गेल्यात. ज्या मुलीनं फोटो काढला तिला मी विचारलं, तू काही केलंस का गं? ती म्हणाली, नाही ताई, फोन आपोआपच करतो.

फोन आपोआप करतो ते काम मी सत्तावीस वर्षं हातानं केलं. १९९१ ते २०१८. त्यावर माझं घर चाललं, दोन पोरं शिकली. मी काही अभ्यासक नाही. पण बाईच्या चेहऱ्यावरचं काय काय पुसायला लोक पैसे मोजतात, हे मी जवळून बघितलंय. ते सांगायलाच मला इथं उभं केलंय असं मी समजते.

माझं माहेर नीरा डाव्या कालव्याच्या काठचं. दहावीनंतर बारामतीच्या एका स्टुडिओत लागले, पावत्या लिहायला. रांगोळी बरी काढायचे, हात स्थिर होता, म्हणून मालकांनी टचिंगला बसवलं. तेव्हा काळ्यापांढऱ्या फोटोची निगेटिव्ह असायची. उतरत्या डेस्कला दुधी काच, तिच्याखाली आरसा, खिडकीतला उजेड आरशावरून काचेतून वर यायचा. त्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि पॉलिशपेपरवर सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं काम करायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. जे काळं ते छापल्यावर पांढरं. म्हणजे डोळ्यांखाली पेन्सिलीचे बारीक बारीक ठिपके भरायचे, की कागदावर तिथला काळेपणा गेला. पूर्ण चेहराच उजळायचा असेल तर लाल रंगाचा पातळ हात ब्रशनं फिरवायचा. मला पहिल्या दिवशी मोठी गंमत वाटली होती. आपण काळं करत जायचं आणि बाई गोरी होत जायची.

पुरुषांच्या फोटोलाही टचिंग असायचं, नाही असं नाही. पण ते कॉलरवरचा डाग काढायचं, फार तर टकलावरची चमक कमी करायचं. पुरुषाच्या कपाळावरची आठी काढली तर एकदा एक गिऱ्हाईक मालकांवर चिडलं होतं, म्हणालं, मला पोरगा करून टाकलाय. बाईच्या बाबतीत अशी तक्रार मी कधी ऐकली नाही.

आता आमच्याकडे काय काय पुसायला यायचं ते सांगते. वांग, देवीचे वण, तीळ. हनुवटीवरचं गोंदण, कारण पोरगी अडाणी घरातली दिसते. ऊस भरताना पाचटानं मनगटावर ओरखडे उठतात, ते. चुलीवर भाजल्याचा डाग. उन्हानं रापलेला हात, कारण ब्लाउजच्या बाहीपर्यंत एक रंग आणि वर दुसरा असतो. डोक्यावर पाण्याच्या कळश्या वाहून मान जरा पुढं येते, तर मान सरळ करून द्या. ही यादी मी एकदा वहीत लिहून काढली आणि मग माझ्या लक्षात आलं की यातलं निम्मं सौंदर्याचं नाहीच. ते कामाचं आहे. बाईनं शेतात, चुलीपुढं, पाण्याला जे काम केलं त्याच्या खुणा आहेत त्या. सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं, मजुरीच्या हिशोबात तिचा घरचा वेळ धरत नाहीत, आणि फोटोत तिच्या हातावरचा ओरखडाही राहू द्यायचा नाही. तो काढायला माझ्यासारखीच एक बाई बसवलेली.

रंगीत फोटो आले तेव्हा मला वाटलं आता हे थांबेल, कारण एवढ्याशा रंगीत निगेटिव्हवर पेन्सिल चालत नाही. पण तिथं वेगळीच गोष्ट होती आणि ती मला फार उशिरा कळली. कोडॅक कंपनी लॅबवाल्यांना रंग जुळवायला एक कार्ड पाठवायची. त्या कार्डावर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा. तिला शर्ली म्हणत, म्हणून ते शर्ली कार्ड. शर्लीची कातडी नीट आली म्हणजे मशीन नीट आहे असं समजायचं. काळ्या, सावळ्या माणसाचा चेहरा त्यात मातकट आला तर तो त्या माणसाचा दोष. पुढे अमेरिकेत चॉकलेट बनवणारे आणि लाकडी फर्निचर बनवणारे कंपनीकडे तक्रार घेऊन गेले, की आमच्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत वेगळ्या दिसत नाहीत. तेव्हा फिल्म सुधारण्याचं मनावर घेतलं गेलं. बघा, चॉकलेटसाठी सुधारली. मी कितीतरी पोरींना सांगितलं होतं, तुझा चेहरा कॅमेऱ्याला चांगला नाही गं. मला काय माहीत की कॅमेऱ्यालाच आमचे चेहरे शिकवलेले नव्हते!

मग संगणक आला. फोटोशॉप अमेरिकेत १९९० साली निघालं, आमच्या दुकानात ते २००३ ला पोचलं. २००२ च्या आवृत्तीत त्यात डाग भरून काढणारा ब्रश आला होता. एक क्लिक केलं की तीळ गायब. पेन्सिलीनं अर्धा तास लागायचा ते काम दोन मिनिटांत. आमच्यात भाषाच तशी झाली. गिऱ्हाईक विचारायचं, एक नंबर गोरी करता का दोन नंबर? पावतीवर तसं लिहायचे: बायोडेटा, पोस्टकार्ड साइज, सहा प्रती, दोन नंबर.

हे सांगायचं कोण? पोरगी कधी नाही. काउंटरवर तिचा मामा बोलायचा, नाहीतर चुलता, नाहीतर सोयरीक जमवणारा मध्यस्थ. पोरगी मागं बाकावर बसलेली असायची. इंदापूरकडच्या एका गावातली मुलगी होती, बारावी झालेली. मामा घेऊन आला होता, दोन नंबर करा म्हणाला. मी केलं. महिन्यानं मामा तणतणत दुकानात आला. पाहुणे आले, पोरीनं पोह्यांची ताटली पुढं केली, आणि मुलाची आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, फोटोतली मुलगी बाहेर बोलवा की. मामा माझ्यावर ओरडला, तू जास्त केलंस. मग म्हणाला, आता एक नंबर कर. तेव्हाही ती पोरगी बाकावरच होती. मामा बिडी ओढायला बाहेर गेला तेव्हा हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाली, ताई, एक मी आहे तशीच काढा ना. माझ्यापुरती. मी तिला एक पासपोर्ट साइज बिनटचिंगचा दिला. तिनं तो घडी न घालता परीक्षेच्या हॉलतिकिटाच्या प्लास्टिकमध्ये ठेवला.

अपमान कुणाचा झाला ते बघा. खोटं केलं मी, सांगितलं मामानं, पैसे दिले बापानं. पण भर अंगणात खोटी ठरली ती.

आता दुसरी गोष्ट सांगते. ही मला सांगायला जड जाते.

आमच्या दुकानाच्या शोकेसमध्ये नवरीचे मोठे फोटो लावलेले असायचे. तुम्ही सगळ्यांनी असे शोकेस बघितलेत. जिचा फोटो चांगला आला ती लावायची. तिला विचारायची पद्धत नव्हती. २००६ च्या सुमाराला एका नवरीचा फोटो लावला होता, शालू नेसलेली, बोट हनुवटीला. माझं सगळ्यात चांगलं काम होतं ते, मला स्वतःला त्याचा अभिमान होता. चार वर्षं तो तिथं होता. एका दुपारी एक बाई आली, साठीची असेल. शोकेसपुढं उभी राहिली, बराच वेळ. मग आत आली आणि म्हणाली, ही माझी लेक हाय. बाळंतपणात गेली. घरात तिचा फोटू नाही, सासरच्यांनी अल्बम दिला नाही. मला हा फोटू द्या.

मालक भले होते, म्हणाले देऊ, पैसेही नकोत. मी शोकेसमधून फ्रेम काढून तिच्या हातात दिली. तिनं पदरानं काच पुसली. जवळ धरून बघितली, लांब धरून बघितली. आणि मला विचारलं, खोक कुठं गेली?

मला कळेना. तिनं स्वतःच्या कपाळावर डावीकडे बोट ठेवलं. म्हणाली, इथं खोक होती की. पाच वर्षांची असताना आडाच्या कठड्यावर पडली. मीच हळद भरली होती. ती खोक कुठं गेली?

मी काढली होती. मला आठवतही नव्हतं. दिवसाला पंधरावीस चेहरे करायचे मी. मी तिला म्हटलं, थांबा आई, मूळ फोटो संगणकात असेल, तो काढून देते. शोधलं. नव्हता. आमच्या संगणकाची जागा पुरायची नाही, म्हणून टचिंग केलेलं त्याच फाइलवर सेव्ह करायचं आणि मूळ पुसून टाकायचं अशी दुकानाची रीत होती. खोक आता कुठंच नव्हती. म्हटलं, मी काढून देऊ का खोक परत, ब्रशनं? ती माझ्याकडे बघत राहिली. मग फ्रेम घेऊन गेली. निदान घेऊन गेली.

त्या दिवसापासून मी दुकानात एक नियम केला, मूळ फाइल पुसायची नाही. मालक कुरकुरले, पण माझ्या पगारातून पैसे कापून एक जास्तीची हार्डडिस्क घेतली. यापलीकडे मी काही फार मोठं केलं असं नाही. काम सोडलं नाही. सोडून काय करणार होते?

आता जाहिरातींकडे येते, कारण मामाला दोन नंबर गोरी हा शब्द काही आकाशातून सुचला नव्हता. रंगवलेलं रूप बाजारात आणण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर भिंतीवर गेल्या, नंतर साबणाच्या आणि औषधांच्या कॅलेंडरवर गेल्या, आणि देवीचा रंग कसा असतो हे आपल्या आज्यांनी त्यावरून ठरवलं. पण ती चित्रं होती. चित्र आहे हे बघणाराला माहीत असायचं. फोटोचं तसं नाही. फोटो खरा असतो असं आपण धरून चालतो, म्हणून फोटोतलं खोटं जास्त लागतं.

फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आलं. तिच्या जाहिरातीत चेहऱ्यांची एक ओळ असायची, डावीकडून उजवीकडे उजळत जाणारी. माझ्या धंद्यातल्या बाईला ती ओळ बघून लगेच कळायचं, चेहरा एकच आहे आणि उजेड बदललाय. बाकीच्यांना वाटायचं ट्यूबनं केलं. त्या जाहिरातीत सावळ्या मुलीला नोकरी नाही, स्थळ नाही, बाप उसासे टाकतोय. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं २००२ साली कंपनीकडे तक्रार केली, कंपनीनं दाद दिली नाही तेव्हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे गेली, आणि २००३ मध्ये त्यातल्या दोन जाहिराती बंद झाल्या. ही आपल्यासारख्या बायांनी केलेली गोष्ट आहे, आणि ती आपल्या पोरींना माहीत नाही. पुढे २०१४ मध्ये जाहिरातवाल्यांच्याच परिषदेनं नियम केले, की रंगामुळे माणूस दुःखी, कमनशिबी किंवा लग्नाच्या बाजारात मागे पडलेला असं दाखवायचं नाही. २०२० साली ट्यूबवरचा फेअर शब्द जाऊन ग्लो आला. २०२१ च्या मार्चमध्ये मूळ कंपनीनं, युनिलिव्हरनं, जाहीर केलं की यापुढे आपल्या जाहिरातींत बाईच्या अंगाचा आकार किंवा कातडीचा रंग संगणकानं बदलणार नाही. म्हणजे आजवर काय चाललं होतं याची ती कबुलीच म्हणायची. त्याच २०२० च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या बायकांनी आवाज उठवला म्हणून शादी डॉट कॉमनं स्थळं शोधतानाचा वर्णाचा रकाना काढला. आपल्याकडच्या वधू-वर सूचक मंडळांच्या फॉर्मवर तो अजून बघायला मिळतो, गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. सैराटमध्ये आपल्या शेजारच्या अकलूजची मुलगी पडद्यावर बुलेट चालवते तेव्हा आपण शिट्ट्या मारल्या, आणि घरी येऊन लेकीच्या फॉर्मवर निमगोरा लिहिलं.

कायद्याचं काय, असं कुणी तरी विचारेल. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा १९८६ चा आहे. तो चळवळीनं मिळवला आणि त्याचा उपयोगही आहे. पण माझ्या हातून गेलेला एकही फोटो त्यात बसत नाही. माझ्या सगळ्या नवऱ्या डोक्यावर पदर घेतलेल्या, कोपरापर्यंत बाह्या. आपण अंग किती उघडं आहे हे मोजत बसलो आणि झाकलेल्या बाईचं काय काय पुसलं जातंय ते बघितलंच नाही, असं मला आता वाटतं. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतल्या बाईला बारीक किंवा जाड केलं असेल तर फोटोवर तसं लिहावं लागतं, नाहीतर साडेसदतीस हजार युरो दंड. तो नियम अंगाच्या आकाराचा आहे. रंग बदलला तर तो गप्प. नॉर्वेनं जुलै २०२२ पासून कातडीही त्यात घेतली. आपल्याकडे फसव्या जाहिरातीविरुद्ध २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, त्याखालचे नियम २०२२ मध्ये आले, पण ग्राहक फसला का हे तो बघतो. फोटोतल्या बाईचं काय झालं हा प्रश्न त्यात येत नाही.

एक कायदा मात्र तुम्हाला सांगून ठेवते, कारण तो स्टुडिओवाले सांगत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे, की पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला हक्कदार फोटोग्राफर नाही, ज्यानं पैसे देऊन काढून घेतला तो आहे. म्हणजे तुमचा फोटो न विचारता शोकेसमध्ये, दुकानाच्या जाहिरातीत, फोनवरच्या जाहिरातीत लावता येत नाही. मला हे कळलं तेव्हा आनंद झाला आणि लगेच दुसरा विचार आला. पैसे दिले कुणी? मामानं. म्हणजे हक्कदार मामा.

(या ठिकाणी सभेतून एका मुलीनं विचारलं: पण ताई, आता मुलींनाच तसे फोटो हवे असतात. आम्ही स्वतः फिल्टर लावतो.)

बरोबर आहे तुझं. मी तुला रागावणार नाही, कारण मला तो हक्कच नाही. माझ्या लेकीचा बायोडेटाचा फोटो मीच केला. घरचं काम म्हणून जरा जास्तच मन लावून केला. ती मागं उभी राहून बघत होती. झाल्यावर म्हणाली, आई, माझ्यातलं काय काय काढलंस ते सांग. मी मोजून सांगितलं, सात गोष्टी. ती काही बोलली नाही. नंतर कितीतरी दिवस आरशापुढं उभी राहिली की ती सातही ठिकाणी बोट लावून बघायची. त्याआधी तिला त्या जागा माहीतही नव्हत्या. फिल्टर लाव बाई, मजेत लाव, लाल नाक लाव, सशाचे कान लाव. पण आधीचा फोटो पुसू नकोस. आणि जो फोन तुला न विचारता लावतो त्याला तू लावलं असं म्हणू नकोस.

आता तर बाईच लागत नाही. पूर्वी दिवाळीच्या आधी साडीच्या दुकानांना जाहिरात करायची असली की ओळखीतल्या मुली यायच्या, कॉलेजच्या, टेक्सटाइल पार्कमध्ये कामाला जाणाऱ्या. दिवसभर साड्या नेसायच्या, चारपाचशे रुपये मिळायचे, एखादी साडी मिळायची. मी त्यांना गोरी करायचे हे खरं, पण निदान कुणीतरी होती. गेल्या दिवाळीत मला एका दुकानाची जाहिरात फोनवर आली. बाई इतकी देखणी की बघत राहावं. मग मी धंद्याच्या सवयीनं मोठी करून बघितली. नऊवारी पुढून नऊवारी होती, मागं काष्टाच नव्हता, घागऱ्यासारखा घोळ. मंगळसूत्राची एक बाजू ब्लाउजमध्ये विरघळलेली. आणि बांगड्या मनगटातून आरपार. अशी बाई जगात कुठं नाही, संगणकानं हजारो फोटोंवरून शिकून तयार केलेली. अमेरिकेत व्होग मासिकाच्या ऑगस्ट २०२५ च्या अंकात अशीच एक बनवलेली बाई जाहिरातीत आली, कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलं होतं, तरी केवढा गदारोळ झाला. आपल्याकडे साडीच्या जाहिरातीत ते बारीक अक्षरही नव्हतं. त्या पोरींचे चारपाचशे रुपये गेले, आणि तुलनेला जी बाई आली तिला ना घाम येतो ना पाळी.

आपल्या बारामतीत शारदानगरला संगणकाच्या या नव्या बुद्धीनं ऊस पिकवायचा प्रयोग झाला, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डची माणसं त्यात होती. मला त्याचं कौतुक आहे. पाणी किती द्यायचं, खत किती, हे आधी कळत असेल तर बरंच आहे. पण खताबियाण्यांच्या जाहिरातींत त्याच बुद्धीनं काढलेली शेतकरीण आता दिसायला लागलीय. हिरव्यागार उसात उभी, कोरी इरकल, हातात खुरपं, आणि खुरपं धरलेल्या हाताची नखं गुलाबी रंगवलेली. पाचटाचा एक ओरखडा नाही. मी पुसायचे तेव्हा निदान पुसण्यापुरता तरी ओरखडा असायचा. आता तो उमटतच नाही.

आणि सावित्रीबाई. दर ३ जानेवारीला फ्लेक्स लागतात, आपल्याच संघटना लावतात. मी ते बघत आलेय. वर्षागणिक सावित्रीबाई उजळत चालल्यात. आता तर संगणकाचे नवे फोटो आलेत, गाल गुलाबी, भुवया कोरलेल्या, कातडी आरशासारखी. ज्या बाईनं अंगावर शेण-चिखल झेलला तिच्या चेहऱ्यावर डाग चालत नाही आपल्याला. हे कुण्या कंपनीनं केलेलं नाही. डीटीपीवाल्याला फाइल आपण देतो.

तर काय करायचं याबद्दल मला मोठं काही सुचत नाही, माझ्या धंद्यातलंच सुचतं. फोटो काढायला जाल तेव्हा पोरीला काउंटरवर पुढं उभी करा, मामाला बाकावर बसवा. टचिंग करायचं का, किती, हे ती सांगेल, आणि पावती तिच्या नावानं घ्या. मूळ फाइल मागून घ्या, पेनड्राइव्हवर, फोनवर, कशावरही, देत नसेल तर दुसरा स्टुडिओ बघा. शोकेसला किंवा जाहिरातीला फोटो वापरायचा तर तिची सही. मी आणि आणखी दोघी-तिघी बारामती-इंदापुरातल्या स्टुडिओवाल्यांना भेटायला जाणार आहोत, ते काही राक्षस नाहीत, त्यांच्याही लेकी आहेत. कोण येतंय ते जेवणाच्या सुट्टीत मला सांगा. वधू-वर मंडळांकडे वर्णाचा रकाना काढा म्हणून अर्ज तयार आहे, तो टेबलावर ठेवलाय, सह्या करून जा. आणि येत्या ३ जानेवारीचा फ्लेक्स कोणत्या फोटोवरून करायचा ते आधी एकत्र बसून ठरवू.

बोलणं लांबलं. जेवणाआधी एक काम करू. सकाळचा फोटो मला परत काढायचाय. फोनच्या कॅमेऱ्यात ब्युटी म्हणून एक खूण असते, कुठं चेहऱ्याचं चित्र असतं, कुठं जादूच्या कांडीचं. ती उघडली की एक पट्टी दिसते, ती ओढून शून्यावर आणायची. काही फोनात ती सेटिंगमध्ये आत लपवलेली असते, सापडली नाही तर माझ्याकडे आणा. चला बाहेर, ऊन आहे तोवर. मावशी, तुम्ही मधे उभ्या राहा.